घरपट्टी मताला टाकली

पुण्यात महापालिकेच्या करसंकलन खात्यात मी तीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी पेठ निरीक्षक म्हणून. मला जिन्यात पाहिलं की लोक दार लोटून घेत. घरपट्टी वाढवायची का, असं कुणी घरमालकांनाच विचारेल आणि ते 'वाढवा' म्हणतील, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण ते मी २०२० साली पाहिलं, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरालगत, मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून.

आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी गेलो होतो आणि विमानं बंद झाल्यामुळे तिथंच अडकलो. १७ मार्चला तिथं प्राथमिक निवडणूक होती. साथीमुळे आदल्या रात्री मतदान केंद्रं बंद ठेवण्याचा हुकूम निघाला आणि पुढे २८ एप्रिलपर्यंत मतदान टपालाने झालं. मुलीकडे दोन मतपत्रिका आल्या. त्यात उमेदवारांच्या नावांबरोबर एक प्रश्नही होता, क्रमांक ३३. कुयाहोगा काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, आरोग्य आणि समाजसेवांसाठी मिळकतींवर हजारी ४.७ दराने आठ वर्षं कर बसवावा का? बाजू किंवा विरोध, एवढंच लिहायचं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खात्याची सवय, लगेच कागद-पेन्सिल घेतली. ओहायोत घराच्या बाजारभावाच्या ३५ टक्के रकमेवर आकारणी होते. घर दोन लाख डॉलरचं असेल तर आकारणी सत्तर हजारांवर, म्हणजे वर्षाला ३२९ डॉलर. तेव्हाच्या भावाने चोवीस-पंचवीस हजार रुपये. अर्थात हे सगळे नवे नव्हते. आधीपासून हजारी ३.९ चा कर चालू होता, त्याच्या जागी हा येणार होता.

हे मताला का टाकायचं, त्यामागे जुना इतिहास आहे. मतदारांना न विचारता लावायच्या मिळकत कराला ओहायोच्या राज्यघटनेत मर्यादा आहे. १९२९ मध्ये ती हजारी पंधरा होती, मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, ती दहावर आणली. त्यापलीकडचं सगळं लोकांच्या संमतीने. त्यात १९७६ मध्ये आणखी एक कायदा झाला. घरांच्या किमती वाढल्या तरी मताने मंजूर झालेल्या अशा कराचं उत्पन्न त्याबरोबर फुगू नये, म्हणून दर आपोआप खाली येतो. घरमालकाला हे बरं, पण महागाई काही थांबत नाही. पैसे तेवढेच आणि खर्च वाढलेला, म्हणून काउंटीला पुन:पुन्हा मतदारांच्या दारात उभं राहावं लागतं. वसुलीच्या कामात मी दारं पुष्कळ ठोठावली, पण ही तऱ्हा निराळी.

पैसा जातो कुठे? घरात मारहाण होणाऱ्या मुलांना सोडवून सांभाळणं, एकट्या म्हाताऱ्यांची देखभाल, मानसिक आजार आणि व्यसनावरचे उपचार, बेघरांचे निवारे, आणि मेट्रोहेल्थ हे काउंटीचं सार्वजनिक रुग्णालय.

जावयांच्या पगाराला त्याच महिन्यात कात्री लागली होती. ते म्हणाले, "बाबा, उद्या नोकरी राहील की नाही माहीत नाही, आणि हे कर वाढवायला निघालेत." मुलगी म्हणाली, "म्हणूनच तर. उद्या आपल्यालाच लागलं तर?" माझी सहानुभूती, खरं सांगतो, जावयांकडे होती. पगार कापल्यावर कराचं बिल कसं दिसतं ते मी दारोदार पाहिलंय.

समोरच्या घरात एक वृद्ध गृहस्थ राहत, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. दोन अंगणांच्या अंतरावरून आमच्या गप्पा होत. ते म्हणाले, मी विरोधात मत देणार. कंजूषपणा नाही, रागाने. लहान मुलांना मारापासून वाचवणं हे राज्याचं काम. राज्य आपला हात आखडता घेतं आणि त्या मुलांना दर काही वर्षांनी मतांसाठी उभं करतं. या गृहस्थांना मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

आणखी एक गोष्ट खटकली. दोन घरं सोडून आपलं एक मराठी कुटुंब होतं. नोकरीच्या व्हिसावर आलेलं, स्वत:चं घर घेतलेलं. कर पूर्ण भरतात, पण नागरिक नाहीत म्हणून मत नाही. घरातली गृहिणी हसून म्हणाली, "काका, आमचं तुमच्या पुण्यासारखंच. बिल आलं की भरायचं."

ते वाक्य मला लागलं. कारण आपल्या बिलातही असं काही असतंच. दुकानांच्या, कचेऱ्यांच्या बिलांत रोजगार हमी कराची ओळ असते. पालिका तो राज्यासाठी गोळा करते. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदाराचा पैसा दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी. मी अशा हजारो पावत्या फाडल्या असतील. एकाही दुकानदाराने विचारलं नाही, हा कर कशासाठी, आणि मीही कधी सांगितलं नाही. थकबाकी किती आणि भरणार कधी, एवढंच आमचं संभाषण.

मतपत्रिका चार दिवस फ्रिजवर पडून होत्या. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर मुलीने आपली भरली. जावयांनी त्यांची घेतली, खिडकीपाशी जाऊन उभ्या उभ्याच खूण केली आणि पाकीट चिकटवलं. कोणती खूण केली ते तिने विचारलं नाही, मग मी कशाला विचारतोय.

कर मंजूर झाला. ऐन साथीत, माणसं नोकऱ्या गमावत असताना. जुलैमध्ये आम्ही पुण्याला परतलो. पुढच्या जानेवारीत जावयांचा फोन आला. म्हणाले, "बाबा, नवं बिल आलंय. तुमचा हिशेब बरोबर निघाला." मी विचारलं, समोरचे आजोबा काय म्हणतात? "त्यांनी पहिला हप्ता भरलासुद्धा. आणि राज्याच्या आमदाराला पत्र लिहिलंय, चार पानी."