कार्ड कुणाच्या नावाचं, फोन कुणाच्या हातात?

(चारठाणा, ता. जिंतूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रीपेड कार्ड घ्यावं का, असं तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी विचारलं होतं. हाच प्रश्न मला आधी एका बाईंनी विचारला होता. त्यांचं नाव-गाव सांगणार नाही. "ताई, ते पैसे भरून ठेवायचं कार्ड मला काढून द्या. पण घरी कळू नये," असं त्या म्हणाल्या. २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे पंधराशे त्यांच्या नावावर जमा होत होते. पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, पिन त्याला पाठ आणि बँकेचा मेसेजही त्याच्याच मोबाईलवर. कापूस वेचणीची मजुरी तेवढी हातात यायची, ती डाळीच्या डब्यात.

प्रीपेड कार्ड म्हणजे पदराची गाठ. बांधलं तेवढंच सुटणार. एटीएम कार्डामागे आपलं अख्खं खातं असतं, क्रेडिट कार्डामागे कर्ज. इथे फक्त आपण आधी भरलेली रक्कम असते. कार्ड हरवलं, कुणी फसवलं, तरी त्याहून जास्त जात नाही. परभणीला शिकायला ठेवलेल्या मुलीच्या खर्चाला ते खरंच बरं.

पण प्रकार पाहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे, थोडक्या माहितीवर मिळणाऱ्या छोट्या कार्डात १०,००० रुपयांवर शिल्लक ठेवता येत नाही. त्यातून फक्त खरेदी करायची, रोख निघत नाही. पूर्ण केवायसी केलेल्या कार्डात दोन लाखांपर्यंत रक्कम राहते आणि रोखही काढता येते. कार्ड बँकेचं नसून कंपनीचं असेल तर एका वेळी २,००० आणि महिन्याला १०,००० पर्यंत. कार्ड घेण्याचे, पैसे भरण्याचे, न वापरल्याचे किती कापणार, हे घेण्याआधीच विचारा. अटी मराठीत मागा. मागायला लाजू नका.

भेट म्हणून मिळणाऱ्या कार्डात पुन्हा पैसे भरता येत नाहीत. मला एका दिवाळीत असं कार्ड मिळालं, ते कपाटात पडून राहिलं आणि मुदत संपली. एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई मी! मुदत संपली तरी उरलेली रक्कम मागता येते, हे मला फार उशिरा कळलं.

आता त्या बाईंचं. छोट्या कार्डाने त्यांचं भागणार नव्हतं. आठवडी बाजारात भाजीवालीकडे कार्डाचं मशीन कुठे असतं? जुन्या खात्यातून कार्डात पैसे वळवले की मेसेज नवऱ्याच्याच फोनवर. शिवाय या कार्डातल्या रकमेवर व्याज नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, कंपनीच्या कार्डातल्या पैशाला तो नाही. म्हणजे साठवणीची ही जागाच नव्हे.

म्हणून आम्ही आधी सिमकार्ड घेतलं, त्यांच्या स्वतःच्या नावावर. आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला जोडला. त्याला कागद लागत नाहीत, अंगठा लागतो. मग दुसऱ्या बँकेत, किमान शिल्लक लागत नाही असं साधं खातं काढलं.

सरकारी पैसाही या खात्यात वळवता आला असता, कारण तो आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. मी उत्साहाने तसं सुचवलं. त्या म्हणाल्या, "पैसे एकदम बंद झाले तर रात्री मार कुणी खायचा?" मी गप्प झाले. बाईचा पैसा हिसकावणं ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाच आहे, हे मी त्यांना सांगितलं. तक्रार करायची तर संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत येईन, असंही म्हटलं. पण केव्हा, ते त्या ठरवणार. तूर्त 'लाडकी बहीण'चे पैसे जुन्याच खात्यात जातात. मजुरीतले थोडे नव्या खात्यात.

नव्या एटीएम कार्डाचा पिन त्यांनी स्वतः टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. मी पाठ करून उभी होते. कार्ड कुठे ठेवलंय, ते त्यांनी मलाही सांगितलेलं नाही.