यादी कोणाच्या हातात?

(गावाकडून मुंबईत आलेल्या शेतकरी कुटुंबांच्या कांजूरमार्ग येथील बैठकीतील भाषण)



१९८९ साली आपल्या महिला आघाडीने ग्रामपंचायतीला सगळ्या बायांची पॅनेले उभी केली. यवतमाळ जिल्ह्यात मेटीखेडा, जळगाव जिल्ह्यात विटनेर इथे ती निवडून आली. २०११ साली महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव झाल्या. बाई उमेदवार झाली. पण निवडणूक चालवते कोण?

१९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गळली, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातली. घरी आलेल्या परक्या पुरुषाला त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची लेक' एवढेच सांगितले. अशा नावावर मत देता येत नाही.

१९६१च्या नियमांत मतदान केंद्रावर बाई नेमायची सोय आहे. कशासाठी, तर बाया मतदारांना मदत करायला आणि वेळ पडली तर त्यांची झडती घ्यायला. म्हणजे मदतनीस! दिल्लीत व्ही. एस. रमादेवी १९९० साली मुख्य निवडणूक आयुक्त झाल्या, त्या जेमतेम पंधरवडाभर. त्यानंतर त्या खुर्चीवर बाई बसलेली नाही. आपल्या राज्यात नीला सत्यनारायण २००९ ते २०१४ राज्य निवडणूक आयुक्त होत्या. निम्म्या जागा राखीव असलेल्या २०१२च्या जिल्हा परिषद निवडणुका त्यांनीच घेतल्या. कुठे काही अडले नाही.

आता विधानसभा मतदारसंघात निदान एक केंद्र सगळ्या बाया चालवतात. त्याला सखी केंद्र म्हणतात. रांगोळी काढतात, फोटो छापतात. बाकीच्या शेकडो केंद्रांचे काय?

खरी मेख यादीत आहे. पुरुषाचे नाव जन्मभर एका गावच्या यादीत राहते. बाईचे लग्नात गाव बदलते, आडनाव बदलते. मग नवरा कांजूरमार्गला कामाला येतो आणि तिचे तिसऱ्यांदा बदलते. माहेरी नाव कापलेले, सासरी चढलेले नाही, मुंबईत कोणी विचारलेले नाही. सात-बारावर नाव लावताना जे झाले, तेच इथे. आणि ग्रामपंचायतीला वेगळी यादी नसते; विधानसभेचीच यादी वॉर्डावार फोडतात. एकदा गळलेली बाई सगळीकडे गळते.

घरोघर यादी तपासायचे काम पुष्कळ गावांत अंगणवाडी सेविकाच करते. राबणारी बाई, सही साहेबाची! आणि उमेदवाराचा पोलिंग एजंट? तो हटकून पुरुष. मतदानाआधी यंत्राची चाचणी तो बघतो, खोट्या मतदाराला हरकत तो घेतो, संध्याकाळी पडलेल्या मतांचा हिशेब सही करून तोच घेतो. त्याला साक्षर आणि जागे माणूस लागते. मिशी लागत नाही.

म्हणून मागणी सरकारकडे करूच, पण सुरुवात घरातून करा. कापसाची वेचणी लागण्याआधी प्रत्येक गावात बायांनी एकत्र बसून यादी मोठ्याने वाचावी. गळलेल्या बाईचा अर्ज तिथेच भरावा. आपल्या पॅनेलच्या प्रत्येक केंद्रावर एक तरी एजंट बाई असावी. जिल्हा बैठकीत हा ठराव घ्या, आणि ठरावाखाली गावातल्या दोन बायांची नावे लिहा. त्यांची स्वतःची नावे. कोणाची बायको म्हणून नव्हे.