हेल्मेटावर किती पैसे घालावेत?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



"वर्धापनदिनाला काहीतरी संसारोपयोगी बोला," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा त्यांच्या मनात साठवणीचे पदार्थ किंवा फार तर काटकसरीचे अंदाजपत्रक असावे. मी हेल्मेटाचे नाव काढताच त्या क्षणभर गप्प झाल्या. परंतु आज या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरी मी येताना मोजल्या. त्या एकतीस भरल्या. त्यांतल्या कितीकींच्या आरशाला हेल्मेट अडकवलेले होते, ते मी सांगत नाही. आपापले प्रत्येकीला ठाऊक आहे.

हा विषय माझ्या घरी निघाला तो असा. माझा मुलगा रोज मोटारसायकलने कामावर जातो. जाऊनयेऊन चव्वेचाळीस किलोमीटर, आणि त्यातला निम्मा रस्ता महामार्गाचा. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याने सांगितले, "आई, मला नवे हेल्मेट घ्यायचे आहे. चौदा हजारांचे आहे." माझ्या हातातली परात खाली राहिली. चौदा हजारांत आमच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा येतो. "डोक्यावर घालायच्या टोपीला चौदा हजार?" असे मी म्हणून गेले. तो शांतपणे म्हणाला, "हिशेब कर. पाच वर्षे वापरले तर दिवसाला साडेसात रुपये पडतात."

हिशेब बरोबर होता. शाळेत पंचवीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या बाईला हिशेबाने गप्प केले की ती पुस्तकांकडे वळते. मी काय वाचले, दुकानांत काय पाहिले आणि शेवटी आम्ही काय ठरवले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

प्रथम, ही वस्तू काम कशी करते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की वरचे कवच जितके टणक आणि जड, तितके हेल्मेट चांगले. तसे नाही. कवचाच्या आत इंच-दीड इंच जाडीचा थर्मोकोलचा थर असतो. गणपतीच्या मखरासाठी पूर्वी वापरत त्याच जातीचा, पण अधिक घट्ट. खरा रक्षक तोच. अंडे फरशीवर पडले तर फुटते आणि गादीवर पडले तर वाचते, कारण गादी त्याला थोडे थोडे थांबवते. डोके आपटते तेव्हा हा थर स्वतः चेपला जातो आणि त्या इंचभर अंतरात डोक्याचा वेग कमी होत होत थांबतो. कवचाचे काम आघात पसरवण्याचे आणि रस्त्याचा खडा आत घुसू न देण्याचे. आतल्या मऊ गाद्या हेल्मेट नीट बसावे म्हणून, आणि हनुवटीचा पट्टा ते ऐन वेळी उडून जाऊ नये म्हणून. पट्टा न लावलेले हेल्मेट म्हणजे गाठ न मारलेले गाठोडे.

यातून एक गोष्ट निघते. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसले तरी त्याचे काम संपलेले असते. म्हणून ओळखीतल्या कुणाचे जुने हेल्मेट फुकट मिळाले तरी घेऊ नये. ते कुठे कुठे पडले आहे, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही.

हेल्मेटाचा शास्त्रीय विचार सुरू झाला तो एका मृत्यूमुळे. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, ज्यांना जग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखते, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी हा प्रश्न मनावर घेतला. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोचवणारे सैनिक शत्रूच्या गोळीशिवाय रस्त्यावरच मरत होते. केर्न्स यांनी अशा अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली तो प्रसिद्ध केला आणि शिरस्त्राणाचा उपयोग दाखवून दिला.

आपल्याकडे मात्र "गावातल्या गावात कशाला?" हे वाक्य अजून संपत नाही. त्याला उत्तर साध्या गणिताचे आहे. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगात असते. गाडी उभी असली तरी! पडणाऱ्या डोक्याला आपण महामार्गावर आहोत की भाजी मंडईच्या वळणावर, याने फरक पडत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी धाकटी जाऊ दोन वर्षांपूर्वी मंडईतून येताना गतिरोधकावर स्कूटरच्या मागच्या सीटवरून पडली. साडी नेसलेली, एका बाजूला पाय टाकून बसलेली, मांडीवर पिशवी. गाडीचा वेग सायकलपेक्षा फार नव्हता. रक्ताचा थेंब आला नाही, म्हणून सगळ्यांनी "थोडक्यात वाचली" म्हटले. रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. ती वाचली, देवाची कृपा. पण आमच्या घरातल्या साऱ्या आरत्या जिला तोंडपाठ होत्या, ती आता वस्तूंची नावे विसरते. डाव हातात घेते आणि "ते... हे..." म्हणत माझ्याकडे पाहते. स्कूटर चालवणाऱ्या माझ्या दिरांच्या डोक्यावर हेल्मेट होते. मागे बसणारीला कशाला लागते, असे त्या दिवशी आम्हा सर्वांनाच वाटले होते.

आता पैशाचा प्रश्न. दुकानात आठशे-हजार रुपयांपासून हेल्मेट मिळते. तीन ते सहा हजारांत चांगल्या देशी कंपन्यांची वरची पायरी येते, आणि जपान-युरोपातून आलेली पंधरा हजारांपासून पुढे पन्नास हजारांपलीकडेही जातात. या चढत्या किमतीत नेमके काय विकत मिळते?

पहिली पायरी कायद्याची. १ जून २०२१ पासून आपल्या देशात आय. एस. आय. चिन्हाखेरीज दुचाकीचे हेल्मेट तयार करणे वा विकणे बेकायदा आहे. चिन्हाच्या वर आय. एस. ४१५१ हा मानकाचा आकडा आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक 'बी. आय. एस. केअर' या मोबाईलवरच्या ॲपमध्ये घालून खरा की खोटा ते पाहता येते. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली दोन-तीनशेंची टोपडी पोलिसाला दाखवायला पुरतील, रस्त्याला नाही. ही पायरी गाळणे म्हणजे काटकसर नव्हे.

दुसरी पायरी अधिक कडक तपासणीची. युरोपच्या २२.०५ क्रमांकाच्या मानकात हेल्मेट ताशी २७ किलोमीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर आपटून पाहत. हा वेग येण्यासाठी ते जवळजवळ तीन मीटरवरून, म्हणजे या सभागृहाच्या छताच्या उंचीवरून सोडावे लागेल. त्यानंतरच्या २२.०६ मध्ये कमी-अधिक वेगांचे आघात आणि तिरका आघातही तपासतात, कारण खऱ्या अपघातात डोके सरळ आपटण्याबरोबर गर्रकन फिरते आणि त्या फिरण्याने मेंदूला इजा होते. आय. एस. आय. च्या जोडीला हे युरोपचे चिन्ह असलेली हेल्मेटे आता चार-पाच हजारांतही मिळतात. महामार्गाने जाणाऱ्याने हे वरचे पैसे अवश्य द्यावेत.

तिसरी पायरी सुखाची. कवच हलके, त्यामुळे मान अवघडत नाही. वारा खेळता, आवाज कमी, अस्तर काढून धुता येते, काचेवर वाफ धरत नाही. ही सुखे खोटी नाहीत. उन्हाळ्यात डोके उकडले की माणूस हेल्मेट काढून हाताला अडकवतो, आणि हाताला अडकवलेले हेल्मेट कोपराचे रक्षण करते. पण सुखाचे पैसे ते सुखाचे, हे ओळखून द्यावेत. ब्रिटनच्या सरकारने २००७ साली हेल्मेटे स्वतः आपटून त्यांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली. तीत काही स्वस्त हेल्मेटांना पाचही तारे मिळाले आणि काही महागड्यांना कमी. तात्पर्य, एका मर्यादेपलीकडे किंमत वाढली म्हणून रक्षण त्या प्रमाणात वाढत नाही.

सर्वांत मोठा फरक आहे तो हेल्मेट असणे आणि नसणे यांत. २००८ साली एकसष्ट अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात असे निघाले की हेल्मेटामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. आणि आपल्या केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या अहवालातला आकडा ऐका. त्या एका वर्षात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे अपघातांत गेली. त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती.

हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदा हजार रुपयांवरून मी मुलाशी वाद घालत होते, आणि चौदा हजारांवर माणसे मागच्या सीटवरून गेली होती. जावेचे उदाहरण डोळ्यांपुढे असताना मी स्वतः दर शनिवारी मुलाच्या मागे बसून उघड्या डोक्याने या मंडळात येत होते. अंबाडा मोडेल म्हणून. सून शाळेत नातवाला पुढे उभा करून नेत होती. तिच्या तोंडाला उन्हासाठी स्कार्फ, डोक्याला काही नाही, आणि सात वर्षांच्या नातवाला तर काहीच नाही. कायद्याने चालवणाऱ्याला, मागे बसणाऱ्याला आणि चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट लागते. घरात चार डोकी, आणि आम्ही एकाच डोक्यावर चौदा हजार घालावेत की नाही, याची चर्चा करत होतो!

दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हटले, "चौदा हजार मंजूर. पण घराचे." आम्ही सगळेच दुकानात गेलो. त्याच्यासाठी दोन्ही चिन्हे असलेले पाच हजार दोनशेंचे, सुनेसाठी तीन हजार दोनशेंचे, माझ्यासाठी दोन हजार चारशेंचे, नातवासाठी त्याच्या मापाचे चौदाशेंचे. बेरीज बारा हजार दोनशे. उरलेले अठराशे मोटारसायकलच्या ब्रेकच्या कामाला गेले. मुलगा थोडा हिरमुसला, हे खरे. पण त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला हेल्मेट घातलेले पाहून "युद्धाला निघालीस की काय?" म्हटले, तेव्हा तोही हसला.

खरेदीला जाणाऱ्या भगिनींसाठी चार गोष्टी. भुवयांच्या वर इंचभर टेप गुंडाळून डोक्याचे माप घ्यावे. हेल्मेट गालांना दाबून बसले पाहिजे. डोके हलवल्यावर कपाळाची कातडी त्याबरोबर हलावी, हेल्मेट निराळे फिरू नये. पट्टा लावून मागून पुढे ढकलून पाहावे, निघून आले तर ते आपले नव्हे. अंबाडा सोडून मानेवर सैल वेणी घालावी, आणि स्कार्फ हवाच असेल तर पातळ सुती, एकाच घडीचा. काच रात्रीसाठी पारदर्शकच असावी. पेट्रोल किंवा रंगाचे पातळद्रव्य त्याला लावू नये. आणि आपटलेले नसले तरी पाचेक वर्षांनी बदलावे, असे पुष्कळ उत्पादक सांगतात.

तेव्हा महागडे हेल्मेट घ्यावे का? ज्याला रोज लांबचा, वेगाचा प्रवास आहे आणि ज्याच्या घरातले प्रत्येक डोके आधीच झाकलेले आहे, त्याने खुशाल घ्यावे. ती उधळपट्टी नाही. पण पहिला पैसा उघड्या डोक्यावर जावा, झाकलेल्या डोक्याच्या सुखावर नव्हे. आपण बायका ताटे वाढताना आधी सगळ्यांच्या पानात भात पडला ना, ते पाहतो आणि मग तूप फिरवतो. इथेही तोच नियम लावावा. फक्त एक दुरुस्ती करावी. वाढणारीने या वेळी स्वतःचे पान शेवटचे ठेवू नये.

सभा संपल्यावर माझे हेल्मेट दाराशी ठेवलेले आहे. ज्यांना घालून पाहायचे असेल त्यांनी पाहावे. माझी जाऊही आज आली आहे, दुसऱ्या रांगेत बसली आहे. "सांग माझे, सगळ्यांना सांग," असे तिनेच मला सांगितले, आणि ते वाक्य तिने न अडखळता पूर्ण केले.