मोबाइलातले शेत आणि माहेरचे शेत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला 'गृहिणीचा फावला वेळ' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. मी काही वक्ती नव्हे. विणकाम, भरतकाम, वाचन, भजन अशी यादी मी घरून लिहून आणली होती. पण ती लिहिताना माझे मन मला खाऊ लागले. कारण खरे सांगायचे तर माझा फावला वेळ यांपैकी कशातच जात नाही. तो जातो मोबाइलवरच्या एका शेतात. हसा, खुशाल हसा! अडुसष्ट वर्षांची बाई पहाटे देवापुढे दिवा लावण्याआधी मोबाइलातल्या कोंबड्यांना दाणे टाकते, हे ऐकून हसू येणारच. माझ्या सूनबाईला आजही येते.

हे वेड लागले 2020 सालच्या टाळेबंदीत. दारे बंद, मंडळ बंद, देऊळ बंद. पुण्याची नात तेव्हा आमच्याकडे अमरावतीला अडकून पडली होती. एके दुपारी ती म्हणाली, "आजी, तू सारखी बातम्या पाहून घाबरतेस. हे घे, थोडी शेती कर." आणि तिने माझ्या मोबाइलवर 'हे डे' नावाचा खेळ घालून दिला. फिनलंड देशातल्या एका कंपनीने तो 2012 साली काढला. नात पुण्याला परत गेली, शेत मात्र माझ्याकडे राहिले. आम्ही दोघी आता त्या खेळात शेजारणी आहोत. तिच्या वाफ्यात काय उगवले ते मी इथून पाहते.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. पडद्यावर हिरवेगार रान असते. बोट फिरवले की पेरणी होते, पुन्हा फिरवले की कापणी. गहू दोन मिनिटांत तयार, सोयाबीन वीस मिनिटांत आणि आपला कापूस, बायांनो, अडीच तासांत! एक दाणा पेरला की दोन मिळतात, ठरलेले. पिकाकडे चार दिवस पाहिले नाही तरी ते सुकत नाही, तसेच डोलत उभे राहते. मागे मंद संगीत, गाईचे हंबरणे, पाखरांचा आवाज. कोणी मारत नाही, कोणी हरत नाही. चूक झाली तरी कोणी रागावत नाही. आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला अशी जागा दुसरीकडे कुठे सापडेल?

मी या खेळांची थोडी चौकशी केली. नातीने माहिती काढून दिली, आणि ती ऐकून मी चकित झाले. शेतीच्या अशा खेळांची वाट पाडणारा एक मोठा खेळ जपानात 1996 साली निघाला. त्याच्या जपानी नावाचा अर्थ 'कुरणाची गोष्ट' असा काहीसा होतो. तो करणारे यासुहिरो वाडा हे खेड्यातून टोकियोत आलेले गृहस्थ. शहरात आल्यावर त्यांना गावाची ओढ लागली आणि तीच त्यांनी खेळात उतरवली. पुढे 2001 साली 'ॲनिमल क्रॉसिंग' निघाला. त्यात एक लहानसे गाव, झाडे, फुले, नदीतले मासे आणि भेटायला येणारे शेजारी. त्याचे कर्ते कात्सुया एगुची हे चिबाहून क्योतोला नोकरीसाठी गेले होते. मागे राहिलेल्या घरच्या माणसांची आठवण हेच त्या खेळाचे बीज. याच मालिकेतला नवा खेळ मार्च 2020 मध्ये आला, आणि घरात कोंडलेल्या जगभरच्या लोकांनी तो उचलून धरला.

हे ऐकले आणि माझ्या मनात एकच शब्द आला, माहेर! त्या दोघा जपानी पुरुषांना जे वाटले, ते आपल्यापैकी प्रत्येकीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वाटलेले आहे. आपल्या वऱ्हाडात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, मातीचे भुलोजी, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, घरोघरची गाणी आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायची गंमत. त्या गाण्यांत दुसरे काय असते? सासर आणि माहेर. आणि भातुकली? तिथेही चूल पेटत नाही, भात शिजत नाही, तरी सगळ्यांची पोटे भरतात. तेव्हा माणसाने खोटे घर, खोटे शेत मांडून मन रमवणे हे मोबाइलने शिकवलेले नाही. ते आपल्या अंगणातलेच आहे. म्हणून कोणी या खेळांना नुसती 'आजकालची थेरं' म्हटले की मला ते पटत नाही.

इथवर मी वकिली केली. आता माझी फजिती ऐका.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला माझे थोरले बंधू आले. माझे माहेर मूर्तिजापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथली जमीन काळी कसदार, पण विहिरीचे पाणी खारे. ते पिकाला चालत नाही, माणसालाही नाही. सगळी मदार आभाळावर. सहा एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि दादा सोप्यात बसले असता माझे बोट सवयीने मोबाइलकडे गेले. दादांनी चष्मा लावून वाकून पाहिले.

"हे काय व बाई?"

मी मोठ्या हौसेने सगळे दाखवले. कापसाचा वाफा दाखवला. त्यांनी शांतपणे विचारले, "तुह्या मोबाइलातल्या पऱ्हाटीले बोंडअळी येते काय?"

"नाही दादा."

"पानी नाई आलं तं?"

"तिथे पाण्याचा प्रश्नच नाही."

"मंग भाव कोन ठरवते?"

मी म्हटले, "रस्त्याकडेला आपले दुकान असते. भाव आपणच लिहायचा."

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, आता थट्टा करतील. पण ते म्हणाले, "मले शिकवशीन काय हे?"

भगिनींनो, तो प्रश्न माझ्या काळजात रुतला. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा दादांची अर्धी बोंडे किडकी निघाली होती. त्यानंतर कधी पाऊस लांबला, कधी वेचणीच्या तोंडावर पडला. हे सर्व मला फोनवर कळत होते. "काळजी घ्या" म्हणून मी फोन ठेवत होते आणि माझ्या अडीच तासांच्या कापसाकडे वळत होते.

मग दादांनी पिशवीतून कागद काढले. डोक्यावर कर्ज होते, मुलगा नागपूरला नोकरीत, आणि त्यांच्याने आता होत नव्हते. सहाही एकर विकायचे ठरत आले होते. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर माझेही नाव लागलेले, म्हणून माझी सही हवी होती. भाऊबीजेला बहिणीपुढे कागद ठेवताना त्या माणसाची मान वर होत नव्हती.

मी पेन हातात घेतले आणि थबकले. मोबाइलातल्या शेतात किती वाफे आहेत ते मी झोपेतही सांगितले असते. पण माहेरच्या शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ अजून उभी आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हते. आईच्या वर्षश्राद्धानंतर सात वर्षे मी तिकडे फिरकले नव्हते. वाट अवघी दीड तासाची. मी म्हटले, "दादा, सही करीन. पण आधी शेत पाहीन."

त्याच आठवड्यात गेले. पहिल्या वेचणीचा दिवस होता. वहिनींनी पऱ्हाटीच्या झाडाखाली सीतादहीची पूजा मांडली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मीही पदराची ओटी करून वेचायला लागले. तासाभरात कंबर धरली, वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटे सोलली, आणि ओटीतला कापूस पाहून वहिनी हसल्या. पेरणीपासून पाच महिने उभे राहिलेले ते झाड आणि त्याच्या अंगावरची ती चार पांढरी बोंडे! इथे एका सरकीला दोन मिळतात असा करार कोणी केलेला नाही. आणि तरीही सांगते, धुऱ्यावर बसून चटणी-भाकर खाताना, वाऱ्याने तूर हलताना, टिटवी ओरडताना जी शांती वाटली, तिचीच नक्कल मी इतकी वर्षे पडद्यावर पाहत होते. बाभूळ उभी होती.

त्या रात्री आम्ही भावंडे आणि वहिनी हिशेबाला बसलो. शेत वाचवले अशी गोष्ट सांगायला मला आवडले असते, पण सिनेमातल्यासारखे काही घडले नाही. कर्ज फिटण्यापुरते तीन एकर विकले. मी सही केली आणि त्या पैशातला माझा वाटा घेतला नाही. उरलेले तीन एकर गावातल्याच एका कष्टाळू बाईने बटईने केले आहेत. तिची वेचणी मी पाहिली आहे; तिच्या हाताला वेग आहे. मी आता पेरणीला जाते, वेचणीला जाते. कामाला उपयोग म्हणाल तर शून्य; पण दादांना बोलायला माणूस मिळते.

आता तुम्ही विचाराल, खेळ सोडला का? नाही. रात्री गुडघा ठणकला की अजूनही उघडते. फक्त तीन गोष्टी मी पाळते आणि तुम्हालाही सुचवते. एक, या खेळांत वाट पाहणे टाळायला हिरे देतात आणि ते हिरे खऱ्या पैशाने विकत मिळतात. तिथे आपण घरखर्चाचा डबा उघडायचा नाही. दुसरी, घड्याळ समोर ठेवायचे. 2009 साली निघालेल्या 'फार्मव्हिल' या खेळात पीक वेळेवर न काढल्यास सुकून जाई, म्हणून त्याची वेळ साधण्यासाठी लोक आपले दिवस-रात्र त्या पिकाला बांधून घेत. पुढे 31 डिसेंबर 2020 रोजी तो खेळ बंद झाला आणि कोट्यवधी लोकांनी लावलेली शेते एका रात्रीत नाहीशी झाली. ज्या शेताचा सातबारा नाही, त्याचे असेच व्हायचे! आणि तिसरी, घरातली सून किंवा लेक दहा मिनिटे असला खेळ घेऊन बसली, तर तिच्यावर डाफरण्याआधी ती कशाने दमली आहे ते विचारावे. तिला कुठेतरी माहेर हवे आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

शेवटी मंडळाला एक विनंती. दरवर्षी आपली सहल दूरच्या तीर्थाला जाते. यंदा ती आपल्यापैकी कोणाच्या तरी माहेरच्या शेतात, सीतादहीच्या दिवशी न्यावी. जमल्यास येताना अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे रान पाहावे. ते 1969 साली स्थापन झाले आणि आपल्याच पापळ गावच्या पंजाबरावांचे नाव त्याला आहे. मुलींना, नातींना बरोबर घ्यावे. त्यांनी मोबाइलवर कापूस शेकडो वेळा काढला असेल, एकदा तो बोंडातून हाताने काढू द्या.

चिटणीसबाई, फावल्या वेळाची यादी तशीच राहिली, त्याबद्दल क्षमा असावी.