खरा दाब कोणता?

१९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाचें पाणी इंदापूर तालुक्यांत पळसदेव, भिगवणपर्यंत पसरलें आहे. उन्हाळ्यांत तें मागें हटूं लागलें, कीं शेतकरी आपला पंप पाण्यामागें नेतो आणि केबल वाढवीत जातो. एके दिवशीं मोटर जळते. मालक म्हणतो, "व्होल्टमीटर तर २३० दाखवीत होता!" दाखवीत असेलही, पण केव्हां?

मोटर बंद असतां तारेंतून प्रवाह वाहत नाहीं. म्हणून तारेच्या दोन्ही टोंकांस दाब सारखाच दिसतो. सोयीसाठीं एका फेजची मोटर घेऊं. जाणारी व येणारी तार मिळून रोध २ ओहम आणि प्रवाह १० अँपिअर धरला, तर सुमारें २० व्होल्ट वाटेंतच खर्च होतात व मोटरीच्या वाट्यास २१० उरतात. भार तोच ठेवून दाब उतरला, कीं मोटर अधिक प्रवाह ओढते, वेटोळें तापतें, त्यावरील वेष्टण करपतें. म्हणून मोजणी मोटरीपाशीं आणि मोटर चालू असतांना व्हावयास हवी. हें काम जाणत्या वायरमननेंच करावें. केबलची लांबी दुप्पट झाली, तर तारेचा छेदही दुप्पट घ्यावा. म्हणजे रोध वाढत नाहीं.

शाळेच्या प्रयोगशाळेंत निराळीच गंमत आढळते. तेथें मापकच दाब उतरवितो. १० व्होल्टच्या बॅटरीस १०,००० ओहमचे दोन रोधक एकापुढें एक जोडा. प्रत्येकावर ५ व्होल्ट असले पाहिजेत. परंतु व्होल्टमीटरचा स्वतःचा रोधही १०,००० ओहम असेल, तर कांटा ३.३३ वर थांबेल. कारण मापकानें प्रवाहास दुसरी वाट करून दिली. १ कोटि ओहम रोधाचा डिजिटल मल्टिमीटर जवळजवळ ५ दाखवितो. उत्तर आधींच ठाऊक असलेले विद्यार्थी वहींत ५ लिहून मोकळे होत. ३.३३ लिहून कारण विचारावयास येणाऱ्यास मी अधिक गुण देत असें.

मापकानें कांहींच घेऊं नये, अशी युक्ति पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञानें १८४१ सालीं मांडली. पोटेन्शिऑमीटरच्या तारेवर अज्ञात दाबासमोर ज्ञात दाब उभा करावयाचा. कांटा शून्यावर आला, कीं घटांतून प्रवाह वाहत नाहीं, आणि तारेच्या लांबीवरून दाब निघतो. अर्थात् तुलनेचा घट विश्वासाचा हवा. वेस्टनचा १८९३ सालचा घट २० अंश सेल्सिअसला सुमारें १.०१८६ व्होल्ट देई, आणि पुढें कित्येक दशकें जगांतील प्रयोगशाळा त्याच्याच आधारें आपले मापक पडताळून पाहत.