गोल करणाराची वाट

(महोत्सवानिमित्त भरलेल्या युवक-मेळाव्यांतील भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें देवाचे उपकार आठवावे व ज्या मिशनऱ्यांनीं ही भूमि नांगरली त्यांस दुवा द्यावा, अशी रीत आहे. तें कर्तव्य आज सकाळच्या मिस्सेंत आपण सर्वांनीं मिळून केलें. आतां सायंकाळीं, या युवकांसमोर, मी माझें स्वतःचें एक जुनें ऋण फेडणार आहें.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं, आपल्याच जिल्ह्यांतील दुसऱ्या एका धर्मग्रामांत मी असतां, ऊसतोडीवरून परतलेला एक बाप आपल्या तेरा वर्षांच्या मुलास घेऊन मजकडे आला. म्हणाला, “फादर, पोरगं चेंडूपायी येडं झालंय. गोल लई करतंय म्हणत्यात. ह्यातनं पोट भरंल का?” मीं हंसून म्हणालों, “चेंडूनें कोणाचें पोट भरलें आहे? बाळा, अभ्यासाला लाग.” मुलगा खालीं पाहत निघून गेला. आज तो एका कारखान्यांत नोकरीस असून संसारांत सुखी आहे. माझा सल्ला बरा होता कीं वाईट, हें देव जाणे. परंतु त्या मार्गाची कांहींहि माहिती नसतां मीं तो दिला, हा माझा दोष. आपणांस वाट ठाऊक नसतां “वाटच नाहीं” असें दुसऱ्यास सांगणें, हें खोटें बोलण्याच्या फार जवळ येतें. म्हणून त्या बापास जें सांगावयास हवें होतें, तें आज तुम्हांस सांगतों.

फुटबॉलमध्यें अगदीं पुढें राहून गोल करणें हें ज्याचें मुख्य काम, त्यास स्ट्रायकर म्हणतात. आपल्या मुंबईंत असा एक खेळाडू होऊन गेला, त्याचें नांव नेव्हिल डिसोझा. गोव्यांतील आसगांव येथें १९३२ सालीं त्यांचा जन्म झाला. ता. १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारतानें यजमान ऑस्ट्रेलियास ४ विरुद्ध २ गोलांनीं हरविलें. त्या चारांपैकीं तीन गोल एकट्या नेव्हिलचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियाकडून आपण हरलों; त्यांतील आपला एकुलता एक गोलहि त्यांचाच. भारताचा त्या वर्षीं चौथा क्रमांक आला.

परंतु या पराक्रमी पुरुषाची उपजीविका केवळ खेळावर नव्हती. ते मुंबईस टाटा कंपनीच्या संघातर्फे खेळत. त्या काळीं रेल्वे, सैन्य, गिरण्या व कंपन्या खेळाडूंस आपल्याकडे ठेवीत. खेळ संपला तरी नोकरीचा आधार राही. १९८० सालीं नेव्हिल वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें ४७ होतें. आज आपल्या किती मुलांस त्यांचें नांव ठाऊक आहे? कीर्ति ही अशी असते.

पुढें काळ पालटला. १९९६ सालीं राष्ट्रीय फुटबॉल लीग व २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली, आणि करारानें वेतन घेऊन खेळणें हा एक व्यवसाय बनला. त्याची वाट कशी असते? प्रथम शाळेचा संघ, मग तालुका व जिल्हा स्पर्धा. शाळांसाठीं १९६० पासून चालत आलेली सुब्रतो चषक स्पर्धा दिल्लीपर्यंत पोंहोंचविते. गुण दिसल्यास मुलगा लहान वयांतच घर सोडून एखाद्या प्रशिक्षणसंस्थेंत राहतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव याच वाटेनें गेला. पुण्याची क्रीडा प्रबोधिनी, त्यानंतर पुण्याच्याच एका व्यावसायिक संघाची कुमार शाखा, आणि २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत देशाचा गणवेश. नंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद असे संघ त्यानें पाहिले. मराठी मुलाला ही वाट बंद आहे, असें आतां मला म्हणतां येणार नाहीं.

मात्र वाट आहे म्हणून ती सोपी नाहीं. सुनील छेत्री यांनीं २००५ पासून जून २०२४ पर्यंत देशासाठीं ९४ गोल केले. त्यांच्याहि वांट्यास नकार आला: २००९ सालीं लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स संघाशीं जुळलेला करार कामाचा परवाना न मिळाल्यानें फिसकटला. ते थांबले नाहींत, हें खरें. पण असे दीर्घायुषी खेळाडू विरळा. बहुतेकांचे पाय तिशी उलटतां उलटतां मंदावतात. गुडघ्याची एक दुखापत सारें गणित मोडते. आणि खेळाडूचा कांहींहि अपराध नसतां घास हिरावला जातो: २०२५ सालीं सुपर लीगचे सामने वेळेवर सुरू झाले नाहींत, तेव्हां कांहीं संघांनीं खेळाडूंचें वेतनहि थांबविलें. शेतकऱ्याच्या लेंकरांनो, एका पावसावर साऱ्या वर्षाचा भरंवसा ठेवणें म्हणजे काय, हें तुम्हांस मीं सांगावयास नको.

म्हणून त्या बापास माझें आजचें उत्तर असें: मुलाला खेळूं दे, पण शाळा सुटूं देऊं नकोस. चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत जाणत्या प्रशिक्षकाकडून त्याची परीक्षा करून घे; गांवकऱ्यांच्या टाळ्यांवर विसंबूं नकोस. निवड झाली तर त्यास आशीर्वाद देऊन पाठीव. नाहीं झाली, तर त्यास नालायक म्हणूं नकोस. त्याचें मोल त्यानें केलेल्या गोलांवर ठरलेलें नाहीं. तें बाप्तिस्म्याच्या दिवशींच ठरलें आहे.

आणि मुलांनो, स्ट्रायकराच्या कामांतील एक गोष्ट मनांत धरा. गोलरक्षकापासून दहा जण चेंडू पुढें आणतात, तेव्हां कोठें अकराव्याचा पाय लागतो. फलकावर नांव मात्र त्याचेंच लागतें. आणि तो चुकला तर हजारों लोकांदेखत चुकतो. तरी पुढच्या क्षणीं त्यास पुन्हां धांवावें लागतें. ज्यास दुसऱ्याचे उपकार स्मरतां येतात व आपल्या चुकीनंतर उठतां येतें, तो खेळांत पुढें जावो न जावो, मनुष्य म्हणून तरलाच. संत पौलानें करिंथकरांस लिहितांना धांवणाऱ्यांच्या संयमाचा दाखला दिला, तो उगीच नव्हे.

शेवटीं दोन शब्द वडीलधाऱ्यांस. १९०८ सालीं ब्वेनोस आयरेस शहरांत सलेशियन संघाचे फादर लोरेन्झो मास्सा यांनीं रस्त्यावर चेंडू खेळणाऱ्या मुलांस आपल्या चर्चचें अंगण खुलें केलें. अट एवढीच, कीं त्यांनीं मिस्सेस यावें. त्या मुलांचा संघ सान लोरेन्झो या नांवानें प्रसिद्धीस आला, आणि २०२५ सालीं निवर्तलेले पोप फ्रान्सिस त्याचे बालपणापासूनचे चाहते होते. आपल्या चर्चमागील माळावर दुकानगाळे काढावे, अशी एक सूचना महोत्सव-समितीपुढें आली आहे. भाडें येईल, हें मी जाणतों. परंतु गाळ्यांस दुसरी जागा मिळेल. पोरांना दुसरा माळ मिळणार नाहीं. तेथून एखादा नेव्हिल निघेल असें वचन मी देत नाहीं. पुन्हां एखादें पोर मान खालीं घालून आपल्या दारांतून परत जाऊं नये, एवढीच माझी विनंती आहे.

मतमाउली तुम्हां सर्वांचें रक्षण करो. प्रभु तुम्हांस आशीर्वाद देवो.