बर्फावरची गाडी: ६०० की ८५०?

मिनेसोटात पहिला बर्फ पडला की आमच्या घरी एकच वाद, स्नोमोबाइल कुठली घ्यायची? लेक म्हणतो, "बाबा, ८५०च!" मी म्हणतो, "६०० पुरे."

स्की-डूच्या एमएक्सझेडचंच घ्या. ६००आर इंजिन साधारण १२५ अश्वशक्तीचं, ८५० सुमारे १६५चं. पण इथे सार्वजनिक जागेत वेगमर्यादा ताशी ५० मैल. तेवढा वेग ६०० सहज गाठते. मग वरचे चाळीस घोडे पोसायचे कशाला?

त्यापेक्षा खालच्या रबरी पट्ट्याची लांबी नीट निवडा. १२९ इंची वळणांवर चपळ. १३७ इंची खाचखळग्यांवरून सलग जातो, पाठीला हादरे कमी बसतात. दिवसभर फिरणार असाल तर १३७ बरा.

आणि गाडीआधी दोन गोष्टी. १९७६ नंतर जन्मलेल्या इथल्या रहिवाशांना चालवण्यासाठी सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. तळ्यावर उतरायचं तर नवा, पारदर्शक बर्फ किमान ५ ते ७ इंच हवा. तो जागोजागी मोजा. कुणाच्या शब्दावर जाऊ नका.

लेकाला सांगितलंय, आधी प्रमाणपत्र, मग गाडी. सध्या स्वारी अभ्यासाला बसली आहे! सांभाळून राहा, नमस्कार.